कुलूपबंद फाइलची उघडी प्रत कोठे राहते?

या महिन्यात सोलापुरातून आलेली पाच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. फाइलला पासवर्ड लावणे आता बहुतेकांना जमते. परंतु ती फाइल उघडून, दुरुस्त करून पुन्हा बंद करेपर्यंत मधल्या वेळात संगणक काय करतो, हे कोणी सांगितलेले नसते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब पाहतो. परदेशी ग्राहकांचे भावपत्रक आणि कामगारांचा पगारतक्ता अशा दोन एक्सेल फाइली मी सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड लावून ठेवतो. रोज सकाळी त्या डेस्कटॉपवर काढतो, दिवसभर वापरतो, संध्याकाळी पुन्हा झिप करतो, डेस्कटॉपवरच्या फाइली पुसतो आणि रिसायकल बिनही रिकामे करतो. मागील महिन्यात चुकून पुसले गेलेले काही फोटो परत मिळवण्यासाठी संगणक दुरुस्तीच्या मुलाने एक प्रोग्राम चालवला, तेव्हा फोटोंबरोबर भावपत्रकाच्या जुन्या प्रतींची रांगच पडद्यावर आली आणि त्यांतील काही पासवर्ड न विचारता उघडल्या. मी रोज पुसत होतो, मग हे कसे घडले? आणि आता काय करावे?

उत्तर : आपले कुलूप चांगले आहे, पण माल रोज कुलपाबाहेर काढून हाताळला जातो. सकाळी डेस्कटॉपवर काढलेली फाइल ही झिपमधील फाइलची नवी, उघडी प्रत असते; आणि संध्याकाळी आपण झिप करता तेव्हा ती प्रत आत जाऊन बसत नाही, तर तिच्यावरून आणखी एक कूटबद्ध (एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डाविना न वाचता येणारी) प्रत तयार होते. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर दोन फाइलींच्या किमान ५२ उघड्या प्रती डिस्कवर लिहिल्या गेल्या. त्यातही आपण प्रत्येक वेळी सेव्ह करता तेव्हा एक्सेल आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने संपूर्ण फाइल लिहिते आणि मग तिला मूळ नाव देते, त्यामुळे खरी संख्या याहून बरीच मोठी असणार.

पुसण्याविषयी आपल्याच कामातला दाखला देतो. हजेरीपटावरून एखाद्याचे नाव कमी केले म्हणून तो माणूस गाव सोडून जात नाही; खोली दुसऱ्याला भाड्याने जाईपर्यंत तो तेथेच राहू शकतो. फाइल पुसली की संगणक आपल्या यादीतून तिचे नाव काढतो आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदवतो, आतला मजकूर मात्र त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून असतो. दुरुस्तीच्या मुलाचा प्रोग्राम हीच मोकळी म्हणून नोंदलेली जागा चाळत होता. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर हे ठळकपणे घडते. एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या नव्या डिस्कवर, विंडोज पुसलेल्या जागेची सूचना डिस्कला देते आणि डिस्क ती जागा आपल्या सवडीने साफ करते, परंतु ती सवड आपल्या हाती नसते. शिवाय झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून एसएसडी नवा मजकूर जुन्याच्या जागी न लिहिता दुसऱ्याच जागी लिहिते, त्यामुळे फाइलवर अनेकदा आडवेतिडवे लिहून ती नष्ट करणाऱ्या ‘श्रेडर’ प्रोग्रामांवर तेथे विसंबता येत नाही.

आणखी एक ठिकाण आपण पाहिले नसावे. विंडोज बसवताना वनड्राइव्हच्या बॅकअपला कोणी होकार दिला असेल, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर आपोआप इंटरनेटवरील खात्यात चढतात. डेस्कटॉपवरील फाइलींच्या कोपऱ्यात हिरवी बरोबरची खूण किंवा ढगाचे चिन्ह दिसत असेल, तर आपले भावपत्रक रोज सकाळी तेथेही जात होते. वैयक्तिक खात्यात पुसलेल्या फाइली तेथील रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतात आणि ते बिन संगणकावरच्या बिनाहून वेगळे असते, म्हणून ते खात्यात शिरून रिकामे करावे लागते.

डेस्कटॉपवर न काढता झिपमधूनच दोनदा क्लिक करून फाइल उघडली तर, असेही आपण विचाराल. तेव्हा सेव्हन-झिप ती फाइल विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये काढून एक्सेलला देते, बंद केल्यावर बदल झिपमध्ये घेते आणि टेम्पमधली प्रत पुसते. म्हणजे प्रत होतेच, केवळ आपल्याला दिसत नाही. आणि मध्येच वीज गेली तर ती पुसलीही जात नाही.

आता उपाय, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा संपूर्ण डिस्क कूटबद्ध करावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असते, होम आवृत्तीत ज्या यंत्रांना जमते त्यांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असते, आणि दोन्ही नसल्यास व्हेराक्रिप्टने विंडोजची डिस्क कूटबद्ध करता येते. बिटलॉकर चालू करताना ‘फक्त वापरलेली जागा’ आणि ‘संपूर्ण डिस्क’ असे दोन पर्याय समोर येतात. पहिला झटपट होतो म्हणून मोह होतो, परंतु तो नव्या कोऱ्या संगणकासाठी आहे. आपल्या जुन्या प्रती मोकळ्या म्हणून नोंदलेल्या जागेतच पडून आहेत, म्हणून आपण दुसराच निवडावा, मग त्याला रात्रभर लागली तरी चालेल. त्या वेळी मिळणारी ४८ अंकांची रिकव्हरी की कागदावर छापून कारखान्याच्या तिजोरीत ठेवावी. ती त्याच संगणकात ठेवणे म्हणजे किल्ली कुलपालाच टांगण्यासारखे आहे.

मात्र संगणक चालू असताना आणि आपण लॉग-इन केलेले असताना बिटलॉकरचे दार उघडेच असते, आणि दुरुस्तीचा मुलगा नेमका तेव्हाच समोर बसतो. म्हणून दुसरी पायरी व्हेराक्रिप्टच्या कंटेनरची. ट्रूक्रिप्ट या जुन्या प्रोग्रामच्या आधारे २०१३ साली आलेला हा मोफत प्रोग्राम एक कूटबद्ध फाइल तयार करतो आणि पासवर्ड दिल्यावर ती फाइल वेगळी ड्राइव्ह म्हणून दिसू लागते. आपल्या दोन तक्त्यांसाठी १ जीबीचा कंटेनर भरपूर झाला. भावपत्रक त्या ड्राइव्हवरच उघडायचे, तेथेच सेव्ह करायचे आणि संध्याकाळी ड्राइव्ह उतरवायची. एक्सेल जी तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये लिहिते, तीही मग कंटेनरच्या आतच पडते. बाहेर काढणे आणि आत घालणे असा प्रकार राहत नाही. एक्सेलचे दर १० मिनिटांनी होणारे ऑटोरिकव्हर मात्र सी ड्राइव्हवर लिहिते, म्हणून ऑप्शन्समधील सेव्ह विभागात जाऊन ‘केवळ या वर्कबुकसाठी ऑटोरिकव्हर बंद’ ही खूण करावी. ऑटोरिकव्हरची धूळ कोठे राहिलीच, तरी ती आता कूटबद्ध डिस्कवर राहील; पहिली पायरी आधी घ्यायची ती याचसाठी.

भावपत्रकाचा प्रश्न धंद्याचा आहे, पगारतक्त्याचा तेवढाच नाही. त्यात कामगारांचे बँक खाते आणि आधार क्रमांक असतात, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे; वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मालकांना खर्चासाठी राजी करताना हे वाक्य उपयोगी पडावे.

प्रश्न : मी पूर्व भागात जकार्ड चादरींचे नक्षीकाम संगणकावर करतो. नवी नक्षी बाजारात येण्याआधीच नकल होते, म्हणून सगळ्या चित्रफाइली व्हेराक्रिप्टच्या कंटेनरमध्ये ठेवल्या आहेत आणि तेथूनच उघडतो. आता तरी निर्धास्त राहावे का?

उत्तर : मजकुराच्या फाइलींपेक्षा चित्रांची गोष्ट थोडी अवघड आहे. कंटेनरमधले फोल्डर उघडताच विंडोज प्रत्येक चित्राची छोटी प्रतिमा काढून दाखवते आणि ती पुढच्या वेळी लवकर दिसावी म्हणून सी ड्राइव्हवर, आपल्या वापरकर्ता खात्यातील एका साठ्यात ठेवून देते. कंटेनर उतरवला, मूळ चित्र पुसले, तरी ही प्रतिमा तेथे राहू शकते. पगारतक्त्याच्या तळहाताएवढ्या प्रतिमेतून कोणाला काही वाचता येणार नाही, परंतु चादरीच्या नक्षीत किनार कशी वळवली आहे आणि मधला मोर कोठे बसवला आहे, हे जाणकार विणकराला अंगठ्याएवढ्या चित्रावरूनही कळते. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘नेहमी आयकॉन दाखवा, थंबनेल नको’ हा पर्याय निवडावा आणि आधीचा साठा डिस्क क्लीनअपमधून ‘थंबनेल्स’वर खूण करून काढावा.

चित्रांच्या प्रोग्रामची सवयही पाहावी. मोठी चित्रे हाताळणारे प्रोग्राम मेमरी अपुरी पडली की डिस्कवर स्वतःची तात्पुरती जागा घेतात. फोटोशॉपमध्ये तिला ‘स्क्रॅच डिस्क’ म्हणतात आणि ती कोणत्या ड्राइव्हवर असावी हे प्रेफरन्सेसमध्ये ठरवता येते. ती कंटेनरच्या ड्राइव्हवर नेणे शक्य असले, तरी कंटेनर त्या मानाने मोठा करावा लागेल. मला विचाराल तर वरच्या उत्तरातील पहिली पायरी, म्हणजे संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन, आपल्यासाठी कंटेनरपेक्षाही आधी येते.

प्रश्न : मी सोलापुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उबंटूवर (लिनक्सवर) माझ्या खाजगी नोंदी जीपीजी या प्रोग्रामने कूटबद्ध करून ठेवतो. बदल करताना फाइल डिक्रिप्ट करून, म्हणजे उलगडून, साध्या मजकुराची फाइल बनवतो, व्हिम या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये दुरुस्त करतो, पुन्हा कूटबद्ध करतो आणि साधी फाइल ‘श्रेड’ आज्ञेने नष्ट करतो. मित्र म्हणतो की हे व्यर्थ आहे. त्याचे खरे आहे का?

उत्तर : व्यर्थ नाही, परंतु आपण ज्या फाइलवर श्रेड चालवता ती अनेक प्रतींपैकी एकच असते. व्हिम फाइल उघडताच तिच्या शेजारी बिंदूने सुरू होणारी स्वॅप फाइल तयार करते आणि २०० अक्षरे टंकल्यावर किंवा हात ४ सेकंद थांबल्यावर तिच्यात आपला मजकूर लिहिते. व्हिम नीट बंद झाल्यास ती पुसली जाते, पण केवळ पुसली जाते, श्रेड होत नाही. कायमस्वरूपी अन-डूची सोय चालू केलेली असेल, तर आपण खोडलेल्या ओळीसुद्धा वेगळ्या फाइलमध्ये जपल्या जातात. याशिवाय होम फोल्डरमधील व्हिमइन्फो ही फाइल आपण कॉपी केलेल्या किंवा कापलेल्या ओळी लक्षात ठेवते. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक कप्प्याच्या ५० ओळींपर्यंत. एखादी पासवर्डची ओळ आपण एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवली असेल, तर ती फाइल आत्ता उघडून पाहा. बहुधा ती ओळ तेथे जशीच्या तशी सापडेल. माझ्या संगणकावर मी प्रथम हे पाहिले तेव्हा चहा थंड होईपर्यंत त्या पडद्याकडे पाहत राहिलो होतो.

म्हणून डिक्रिप्ट करून फाइल बनवण्याची पायरीच गाळावी. व्हिमसाठी ‘व्हिम-जीएनयूपीजी’ नावाचे जोडउपकरण मिळते. ते बसवल्यावर कूटबद्ध फाइल थेट व्हिममध्येच उघडायची. जीपीजीने उलगडलेला मजकूर डिस्कवर न उतरता व्हिमच्या मेमरीत येतो, सेव्ह करताना तेथूनच पुन्हा कूटबद्ध होऊन बाहेर पडतो, आणि त्या फाइलपुरती स्वॅप, अन-डू व व्हिमइन्फो ही तिन्ही दारे हे उपकरण बंद करते. ईमॅक्स हा व्हिमसारखाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांना वेगळे काही बसवावे लागत नाही, कारण २००९ साली आलेल्या २३व्या आवृत्तीपासून ही सोय त्यात अंगचीच आहे.

काही कामांत तात्पुरती फाइल अटळ असते. तेव्हा ती ‘डेव्ह’खालच्या ‘एसएचएम’ फोल्डरमध्ये ठेवावी, कारण तो फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असतो. ‘पास’ हा पासवर्ड सांभाळणारा छोटा प्रोग्राम दुरुस्तीसाठी हीच जागा वापरतो, आणि संगणकावर तसा फोल्डर नसल्यास पुढे जाण्याआधी आपल्याला स्पष्ट इशारा देऊन परवानगी विचारतो. अशी सभ्यता फार थोड्या प्रोग्रामांत दिसते. तरीही मेमरी भरली की लिनक्स तिचा काही भाग डिस्कवरील स्वॅप नावाच्या जागेत ढकलते (ही व्हिमच्या स्वॅप फाइलहून वेगळी), आणि उबंटू बसवताना आपण डिस्क एन्क्रिप्शनचा पर्याय निवडलेला नसेल तर ती स्वॅपही उघडीच असते. लॅपटॉप आपला स्वतःचा असेल तर पुढच्या वेळी उबंटू बसवताना तो पर्याय घ्यावा.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर मात्र यांतील काहीच करू नये. तेथे रूटचा, म्हणजे संगणकावरील सर्वोच्च, अधिकार दुसऱ्याकडे असतो, आणि ज्याच्याकडे रूट आहे त्याला आपली मेमरीही वाचता येते. आणखी एक, जीपीजीचा एजंट, म्हणजे त्याचा पडद्यामागे चालणारा साथीदार प्रोग्राम, आपण दिलेला पासवर्ड सहसा १० मिनिटे लक्षात ठेवतो. म्हणून फाइल बंद करून लगेच उठून जाऊ नये, पडदा लॉक करावा.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. मृत्युपत्राचा मसुदा आधी नोटपॅडमध्ये लिहिते, मग लिब्रेऑफिसमध्ये चिकटवून पासवर्ड लावते. त्याच फाइलच्या शेवटी बँकांचे पासवर्डही लिहिले आहेत. नोटपॅडची फाइल मी कधीच सेव्ह करत नाही, तर त्यात धोका आहे का?

उत्तर : बाई, आपण सेव्ह केली नाही तरी नोटपॅड करतो. विंडोज ११ मधील नवा नोटपॅड न जतन केलेले टॅबसुद्धा लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी उघडताच तो मजकूर पुन्हा समोर मांडतो. याचा अर्थ तो मजकूर डिस्कवर, पासवर्डाविना, ठेवलेला असतो. नोटपॅड-प्लस-प्लस हा लोकप्रिय प्रोग्राम तर दर ७ सेकंदांनी अशी प्रत घेतो. दोन्हींच्या सेटिंगमध्ये हे बंद करता येते, पण त्यापेक्षा मसुदा लिब्रेऑफिसमध्येच लिहिणे सोपे. विंडोज आणि व्ही या दोन कळा एकत्र दाबून पाहा. क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल, तर आपण कॉपी केलेले शेवटचे २५ तुकडे तेथे दिसतील.

लिब्रेऑफिसमध्ये एक काळजी घ्यावी, ती मी स्वतः घेतली नव्हती. वडिलांच्या शेताच्या वाटणीचा मसुदा मी आधी साधा सेव्ह केला आणि दोन दिवसांनी आठवण झाल्यावर पासवर्डसह पुन्हा सेव्ह केला. सेव्ह करताना आधीची प्रत बाजूला ठेवण्याचा पर्याय मीच कधीतरी चालू करून ठेवला होता, त्यामुळे बॅकअपच्या फोल्डरमध्ये बीएके शेपटाची पहिली प्रत पासवर्डाविना आरामात पडून होती, आणि ती घरातल्या ज्याने पाहू नये त्याने पाहिली. त्या दिवाळीत जेवणाच्या पंगतीत कोणी कोणाशी बोलले नाही. तेव्हापासून मी कोरे पान उघडताच, एकही शब्द लिहिण्याआधी, ते ‘पासवर्डसह सेव्ह’ करतो. आपणही मृत्युपत्रासाठी नवी फाइल अशीच सुरू करावी.

बँकांचे पासवर्ड त्या फाइलमधून काढावेत. त्यासाठी कीपासएक्ससी हा मोफत प्रोग्राम वापरावा. तो नोंदी कूटबद्ध ठेवतो आणि कॉपी केलेला पासवर्ड काही सेकंदांनी क्लिपबोर्डवरून स्वतःच काढतो. मृत्युपत्र पुढे वकील वाचतील, मुले वाचतील. पासवर्ड त्या सर्वांनी वाचायचे नाहीत.

प्रश्न : सात रस्ता परिसरातील एका पतसंस्थेत मी लिपिक आहे. मागे वीज गेल्यामुळे आमची कूटबद्ध फाइल अर्धवट लिहिली जाऊन कायमची बिघडली. तेव्हापासून साहेबांच्या सांगण्यावरून मी एक उघडी प्रत पेनड्राइव्हवर ठेवतो. हे चुकीचे आहे असे वाटते, पण दुसरा मार्ग सुचत नाही.

उत्तर : साहेबांची भीती खोटी नाही. बहुतेक उघड्या प्रती निष्काळजीपणातून नव्हे, अशाच भीतीतून जन्माला येतात. परंतु सुरक्षिततेसाठी प्रत हवी असेल तर ती कूटबद्ध फाइलचीच घ्यावी, कारण कूटबद्ध फाइल कॉपी करायला पासवर्ड लागत नाही आणि पेनड्राइव्ह रिक्षात विसरला तरी फारसे बिघडत नाही. रोज संध्याकाळी काम संपल्यावर, कंटेनर असेल तर तो उतरवल्यानंतर, त्याची प्रत तारखेच्या नावाने घ्यावी आणि मागच्या ७ दिवसांच्या प्रती ठेवाव्यात. एकाच नावावर रोज लिहीत गेलात तर बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर चढण्याचा धोका राहतो.

प्रत गूगल ड्राइव्हवर जाते म्हणून निश्चिंत असाल, तर व्हेराक्रिप्टची एक खोड लक्षात ठेवा. तो कंटेनरमध्ये बदल झाल्यावरही फाइलची तारीख सहसा जुनीच ठेवतो आणि आकार तर बदलतच नाही, त्यामुळे गूगल ड्राइव्हला बदल झाल्याचे कळत नाही व महिनाभर जुनीच प्रत वर राहते. प्रेफरन्सेसमध्ये तारीख जपण्याचा हा पर्याय बंद करता येतो. किंवा इंटरनेटवरच ठेवायचे असल्यास प्रत्येक फाइल वेगवेगळी कूटबद्ध करणारा क्रिप्टोमेटर त्या कामाला अधिक सोयीचा आहे. व्हेराक्रिप्टच्या टूल्समधून कंटेनरच्या हेडरचा बॅकअपही घेऊन ठेवावा, कारण सुरुवातीचा तेवढा भाग बिघडला तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. आणि पेनड्राइव्हवरची उघडी प्रत नष्ट करण्याआधी, कूटबद्ध प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर साहेबांच्या समोर उघडून त्यांना शेवटच्या दिवसाची शिल्लक दाखवावी.